देव्हाऱ्यावरची हंसवाली

औषधाची पट्टी हातात आली की मी आधी ती उलटी करून बघते. बॅच नंबर, तारीख, बनवणाऱ्याचं नाव. भोरच्या बाजारपेठेत माझं मेडिकलचं दुकान आहे, आणि इतकी वर्षं त्या काउंटरमागं उभं राहून माझी अशी समजूत झाली होती की खरं काय नि खोटं काय हे वस्तूवरच कुठं तरी बारीक अक्षरात छापलेलं असतं. आपण फक्त चष्मा लावून वाचायचं. म्हणून मामेभावाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, हे काम आपल्यासारखीचंच आहे.

मामेभाऊ कात्रजला राहतो आणि शिवापूरच्या एका कंपनीत कामाला जातो. तो फोनवर जवळजवळ ओरडतच होता.

"ताई, आपल्या देव्हाऱ्यावरची सरस्वती आहे ना? हंसवाली? सेम तसलं चित्र मी आत्ता मोबाईलवर बघितलं. लिलावात गेलं म्हणे. लाखात!"

"कुणाचं?"

"कुणाचं का असेना. आपलं बी तसलंच हाय ना!"

मामांचं गाव वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला. तिथल्या घराच्या मधल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वर, ते चित्र माझ्या आठवणीच्या आधीपासून टांगलेलं होतं. दगडी कठड्याला टेकून उभी असलेली एक सुंदर बाई, तांबडं लुगडं, अंगभर दागिने, आणि तिच्यासमोर मान उंच करून उभा असलेला पांढराशुभ्र हंस. मागं तळं, तळ्यात कमळं. हंस आहे म्हणजे सरस्वती, हे घरात कुणी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. लहानपणी एकदाच मी आईला विचारलं होतं, की हिची वीणा कुठं आहे? आई म्हणाली, "घरात ठेवली असंल. बाई काय चोवीस तास वीणा घेऊन हिंडंल का?" मला ते पटलं होतं. दहावीच्या परीक्षेच्या आधी आई मला मुद्दाम भोरहून माहेरी घेऊन गेली आणि त्या चित्रासमोर डोकं टेकवायला लावलं. रसायनशास्त्रात मला बरे मार्क पडले, त्याचं श्रेय आई शेवटपर्यंत हंसवालीलाच देत होती.

मामांच्या घराचं बांधकाम निघालं होतं. जुन्या भिंती पाडून विटांच्या उभ्या करायच्या होत्या, म्हणून देव पडवीत आणून ठेवले होते आणि चित्र खाली उतरवलं होतं. ते खाली उतरलं म्हणून तर भावानं त्याचा जवळून फोटो काढला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

रविवारी दुकानात नवऱ्याला बसवून मी निघाले. नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याच्या गाडीत बसले. फाट्यावर मामा उभे होते. मामांचं वय सत्तरीच्या पुढं आहे, पण चालताना मीच मागं पडते. घरी पोचल्यावर त्यांनी सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं चित्र बाहेर आणलं, पडवीत खुर्चीवर उभं केलं आणि आधी स्वतः हात जोडले. मग म्हणाले, "बघ आता. तू शिकलेली हायस."

मी मागं बघितलं. मागं नुसत्या फळ्या होत्या. पुढून बघितलं, काच धुरकटलेली. कुठंही काहीही छापलेलं नव्हतं. नाव नाही, गाव नाही, वर्ष नाही. मी जराशी गोंधळले, पण तसं दाखवलं नाही. म्हटलं, "मामा, हे आपल्याकडं आलं कुठून?"

"राजवाड्यातनं," मामा लगेच म्हणाले. "माझा बा भोरला पागंत व्हता. वाड्यात लगीन निघालं, तवा नोकरमान्साला वाटणी झाली. कुणाला लुगडं, कुणाला भांडं. त्येला ही मिळाली."

चुलीजवळून मामी म्हणाली, "कसला राजवाडा! तुमच्या आईनं जत्रंतनं आणलीया. मला सोता सांगितलंय त्यांनी. पैसं कमी पडलं म्हून पदरचं तांदूळ घातलं दुकानदाराच्या झोळीत."

माझी पंचाईत अशी की आई मला तिसरंच सांगायची. आजोबा काही दिवस मुंबईला गोदीत कामाला गेले होते, ते काम त्यांना मानवलं नाही, आणि ते घरी परत आले तेव्हा हातात एवढं एकच चित्र होतं, असं ती म्हणायची. तिघंही त्याच घरातली माणसं. तिघांनीही हे ज्यांच्याकडून ऐकलं ती माणसं तीच. मी म्हटलं, "आई तर मुंबई म्हणायची." मामा जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मुंबैला बी गेला व्हता त्यो. ते बी खरं हाय." मामी म्हणाली, "मंग जत्रा बी खरी." तो विषय तिथंच राहिला.

चित्रातल्या लुगड्याच्या काठावर खरी जर चिकटवलेली होती आणि अंबाड्यावर, दंडावर चमकणाऱ्या टिकल्या होत्या. लहानपणी समईच्या उजेडात त्या लुकलुकायच्या. मामा म्हणाले, "ह्या तुझ्या आईनं लावल्यात. परकरातली व्हती. दिवाळीला बसून एकेक डकवली."

"न्हाई," मामी म्हणाली. "म्या लगीन होऊन आले तवा व्हत्याच त्या."

"मी तरी काय म्हंतोय? तुझ्या लग्नाच्या आदीच लावल्या."

"तुमी काय बघितलंय का लावताना?"

"बघितलं न्हाई, पन तिनंच लावल्या," मामा म्हणाले.

खरं सांगायचं तर लिलावाबिलावापेक्षा हेच मला जास्त लागलं. आईला जाऊन बरीच वर्षं झालीत. तिच्या हातचं म्हणावं असं माझ्याकडं फारसं काही नाही. त्या टिकल्या तिच्या असतील तर त्या मला हव्या होत्या. म्हणजे काय करायला हव्या होत्या, ते मात्र मला सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात मामा चित्र घेऊन एसटीनं भोरला आले. आमच्या बाजारात फ्रेमा बनवणारे एक गृहस्थ आहेत. गेलेल्या माणसांचे फोटो, देवांची चित्रं, शाळेतल्या प्रशस्तिपत्रांच्या चौकटी, असं त्यांचं काम. त्यांच्या टेबलावर चित्र पालथं ठेवून त्यांनी गंजलेले खिळे एकेक करून ओढले, फळ्या काढल्या, त्याखालचा कागद हात लावताच भुगा होऊन खाली पडला. मग त्यांनी चित्र हलक्या हातानं सुलटं केलं आणि आम्ही तिघंही बघतच राहिलो.

चित्र चौकटीपेक्षा मोठं होतं. चौकटीत बसावं म्हणून कुणी तरी एका बाजूचा कागद मागं दुमडला होता. तो उलगडला तर त्यात आणखी एक बाई निघाली. वयानं लहान, हंसवालीच्या पाठीशी खांबाआडून वाकून बघणारी, ओठांवर हसू. मागं दुमडलेली असल्यामुळं तिचे रंग कालच छापल्यासारखे ताजे होते.

मामा म्हणाले, "ही कोन?"

मी चष्मा पुसून परत बघितलं.

"सरस्वतीजवळ अशी बाई नसती," मामा म्हणाले. मग फ्रेमवाल्यांकडं संशयानं बघत, "चित्र आमचंच हाय न्हवं हे?"

"अहो, तुमच्यासमोर उघडलं की!"

"व्हय, ते बी खरं."

खालची कड मात्र कात्रीनं वेडीवाकडी कापलेली होती. छापखान्याचं नाव, चित्राचं नाव, जे काही असतं ते खालच्या पांढऱ्या पट्टीत असतं, असं मी तोवर मोबाईलवर बघून ठेवलं होतं. ती पट्टीच नव्हती. फ्रेमवाल्यांनी कागदाला बोट लावून, वास घेऊन सांगितलं, "असली आहे बघा. असला कागद आता येत नाही." मी खूश झाले. तेवढ्यात ते म्हणाले, "पण आता जुना कागद मिळवून त्याच्यावर नवं छापणारे बी आहेत. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं करतात."

"मग हे कुठलं?"

"मी आपलं काच बसवणारा माणूस. असली वाटतं. पण असलीवाणी दिसणारं नकली बी असंच वाटणार की."

दुकानात इंजेक्शनच्या बारक्या बाटल्यांवरची अक्षरं वाचायला मी एक भिंग ठेवते. चित्र काउंटरवर पसरून, ते भिंग घेऊन मी दुपारभर त्यावर वाकले होते. मोबाईलवरून मिळवलेलं ज्ञान असं होतं : पूर्वी ही चित्रं दगडावरून छापायचे, एकेका रंगाला एकेक दगड, रंगावर रंग चढवत. त्यात भिंगातून रव्यासारखे विखुरलेले ठिपके दिसतात. हल्लीच्या मशीनच्या छपाईत ठिपके रांगेत, कवायतीला उभे केल्यासारखे. मी हंसवालीच्या गालावर भिंग धरलं. रवा. लुगड्यावर धरलं. रवा. मग वर आभाळाच्या कोपऱ्यात धरलं, तर तिथं ठिपके रांगेत उभे! परत गाल बघितला, परत आभाळ. एकाच चित्रात बाई जुनी आणि आभाळ नवं कसं असेल? एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं, त्याला मी दोनदा "थांबा हं, आभाळ बघते" असं म्हणाले.

शेवटी आम्ही पुण्याला जायचं ठरवलं. भावानं रजा टाकली, मामा धोतरावर इस्त्रीचा सदरा घालून आले. पेठेत जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं, आत पितळी दिवे, घड्याळं, कुणाकुणाच्या घरातले आरसे. मालकांनी चित्र उजेडात धरलं, एकदा पुढून, एकदा मागून, आणि खाली ठेवलं. औषधाची पट्टी बघायला मला याहून जास्त वेळ लागतो.

"ही जर आणि टिकल्या काढून टाका. चित्र मोकळं होईल. मग मी घेतो," असं म्हणून त्यांनी एक आकडा सांगितला. भावानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

मी विचारलं, "पण हे अस्सल आहे का?"

"मी कुठं म्हणालो अस्सल आहे?"

"मग नकली आहे?"

"मी तसंही म्हणालो नाही. ताई, अस्सल-नकली मी ठरवत नाही. गिऱ्हाईक ठरवतं."

मामा म्हणाले, "टिकल्या काढायच्या न्हाईत."

"मग किंमत कमी होईल."

"हूं द्या."

आम्ही उठलो, तसे मालक म्हणाले, "बरं, टिकल्यांसकट देता का?" आणि आधीपेक्षा मोठा आकडा सांगितला. आता सांगा! टिकल्या काढल्या तर एवढे, टिकल्या ठेवल्या तर कमी, आणि आम्ही चाललो तर टिकल्यांसकट जास्त. बाहेर फुटपाथवर भाऊ हळूच म्हणाला, "ताई, खोट्याला कोण इतके पैसे देतं का? म्हणजे खरंच असणार." मी म्हटलं, "माझ्या धंद्यात लोक खोट्याला नेहमीच जास्त पैसे देतात." माझं म्हणणं त्याला पटलं नव्हतं. मलाही पुरतं पटलं नव्हतं.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी एका बाईंचा पत्ता दिला होता. त्या चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकवायच्या, आता निवृत्त होऊन घरीच जुने कागद, जुनी चित्रं दुरुस्त करतात. त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आम्हाला सरबत दिलं, पण चित्राजवळ पेला आणू दिला नाही. मग मोठ्या टेबलावर चित्र पसरून, दिवा तिरका करून त्या इतका वेळ बघत बसल्या की मामांना बसल्या बसल्या डुलकी लागली.

"छपाई दगडावरचीच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "जुनी आहे."

मी पुढं सरकले. "पण ते आभाळ?"

त्या हसल्या. त्यांनी नखानं आभाळाचा कोपरा दाखवला. "इथं कधी तरी फाटलं होतं. कुणी तरी एखाद्या कॅलेंडरातलं आभाळ कापून ठिगळ लावलंय. छान लावलंय हो, रंग अगदी जुळवून घेतलाय."

कॅलेंडर कुणी कापलं, हे मामांना विचारावं म्हणून मी वळले, तर मामा जागे होऊन त्या बाईंकडं बघत होते. बाई पुढं म्हणाल्या, "पण एक अडचण आहे. हे चित्र त्या काळी फार खपलं. नामांकित छापखान्याच्या छापात हंस ह्या बाजूला असतो. तुमच्यात त्या बाजूला आहे. म्हणजे दुसऱ्या कुणी तरी तयार छाप समोर ठेवून तो दगडावर उतरवला. जसा दिसतो तसा उतरवला की छापताना उलटा येतो. लहान छापखाने तेव्हा असं करायचे."

"म्हणजे खोटं," भाऊ म्हणाला.

"त्या काळची नक्कल आहे. पण नक्कल खरी आहे. हल्ली या नकलांच्याही नकला निघतात, त्यातली ही नाही."

"मग किंमत?"

"खालची पट्टी असती आणि हंस सरळ असता तर मी काही सांगितलं असतं. आता सांगता येत नाही. एखादा म्हणेल, चोरून छापलेलं आहे, नको. एखादा म्हणेल, अशा नकला फार थोड्या उरल्या, मला हीच हवी. दोघंही चूक नाहीत."

मी औषधाच्या भाषेत समजून घ्यायचा प्रयत्न केला. कंपनी दुसरी, औषध तेच, मुदत उलटलेली, आणि मुदत उलटली म्हणूनच महाग. छे, काही जमेना.

मग मामांनी विचारलं, इतका वेळ मनात धरून ठेवलेलं. "बाई, ती मागली पोर कोन?"

"ती सखी आहे."

"कुनाची? सरस्वतीची?"

बाईंनी मामांकडं बघितलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. "आजोबा, ही सरस्वती नाही. पुराणातली राजकन्या आहे. हंस तिला दूरच्या राजाचा निरोप सांगतोय, ती ऐकतेय. मैत्रीण आडून बघतेय."

मामांनी टोपी काढली, परत घातली.

"मंजे आमी इतकी वर्सं पाया कुनाच्या पडलो?"

"ते मला सांगता यायचं नाही," बाई अगदी मऊपणानं म्हणाल्या.

निघताना मी टिकल्यांचं विचारलं. त्यांनी दाखवलं : काठाची जर खऱ्या तारेची, जुनी, बहुतेक पहिल्यापासूनची. त्या काळी बायका अशी चित्रं हौसेनं नटवायच्या. टिकल्यांतल्या काही तशाच जुन्या, पण काही प्लॅस्टिकच्या, खूप नंतरच्या. म्हणजे दोघींनी तरी लावल्या, कदाचित तिघींनी. "तुमच्या आईंच्या कोणत्या, हे कागद सांगत नाही," त्या म्हणाल्या.

परतीला भाऊ कात्रजला उतरला. मी आणि मामा एसटीत, चित्र आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर आडवं. शिवापूरचा टोलनाका मागं पडेपर्यंत मामा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या राजकन्येचं फुडं काय झालं?"

मी आठवेल तशी गोष्ट सांगितली. तिनं त्याच राजाला वरलं, देव आडवे आले तरी. पुढं तो जुगारात राज्य हरला. दोघं रानात गेली, आणि ती झोपलेली असताना तिला तिथंच टाकून तो निघून गेला. मग पुष्कळ हाल, मग ओळख पटणं, मग परत संसार.

"रानात एकलीला टाकून गेला?"

"हो."

मामांनी चित्रावरची चादर नीट केली. "लई भोगलं म्हनायचं तिनं बी. सरस्वतीचं असलं काय कधी ऐकलं न्हाई."

घराचं काम अजून चालू होतं, म्हणून चित्र काही दिवस माझ्याकडंच राहिलं. आता ठेवायचं कुठं, हा माझा प्रश्न. देवघरात ठेवावं तर ती देवी नाही, असं जाणकार माणसानं सांगितलेलं. कपाटात ठेवावं तर मन घेईना, दहावीला हिच्यापुढं डोकं टेकवलंय. शेवटी नवी मोठी चौकट बसवून दिवाणखान्यात सोफ्याच्या एका कोपऱ्यात उभी केली. नवरा रोज कामावरून आला की तिच्याकडं बघून विचारायचा, "पाहुण्या कधीपर्यंत आहेत?" आणि टीव्हीसमोर बसताना तिच्याकडं पाय होणार नाहीत असा बसायचा. मी विचारलं, असं का बसता? म्हणाला, "काय सांगावं."

त्या दिवसांत पुण्याच्या दुकानमालकांचे फोन भावाला येत होते. नक्कल आहे, हंस उलटा आहे, आभाळाला ठिगळ आहे, सगळं भावानं प्रामाणिकपणे सांगितलं. मालक म्हणाले, मला माहीत आहे. माहीत आहे तर घेता कशाला, म्हटलं तर म्हणाले, तेही मला माहीत आहे. भाऊ मला विचारायचा, "ताई, मग खरं काय धरायचं?" शिकलेली म्हणून सगळे मला विचारत होते, आणि माझ्याकडं दिवसागणिक कमी कमी उत्तरं उरत होती.

नवरात्रात नव्या भिंतींना चुना लागला आणि मी चित्र घेऊन वेल्ह्याला गेले. दसऱ्याला त्या घरात पाटी-पुस्तकं, विळे-कोयते मांडून सरस्वतीची पूजा होते आणि ती इतकी वर्षं या चित्रासमोरच झालेली. मामांनी देव्हारा मांडला, वरचा खिळा मोकळाच ठेवला. चित्र पडवीत खुर्चीवर. मामा एकदा खिळ्याकडं बघत, एकदा पडवीकडं. पूजेचं तबक हातात घेऊन नुसते उभे. मी म्हटलं, "मामा, लावू का वर?" म्हणाले, "लावावं का?" मी म्हटलं, "तुम्ही सांगा." म्हणाले, "तूच सांग की, तू बाईंचं सगळं ऐकलंस." आम्ही दोघं बराच वेळ असं एकमेकांवर ढकलत उभे होतो.

मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, सरळ पडवीत गेली आणि चित्रातल्या बाईला हळदीकुंकू लावलं. मग खांबाआडच्या त्या मैत्रिणीलाही लावलं.

"अगं, ती सरस्वती न्हाई," मामा म्हणाले.

"म्हाईत हाय. सांगितलंय तुमी धा येळा. पन सवाष्ण दारात आल्यावर कुंकू लावायचं का न्हाई? का आदी तिला इचारायचं, तू कोन म्हून?"

मामा तबक घेऊन आत गेले. त्यांनी देव्हाऱ्यासमोर पाटीवर सरस्वती काढली, खडूनं, एकाखाली एक आकडे काढून शाळेत काढतात तशी, आणि तिची पूजा केली. मग बाहेर येऊन चित्रासमोर उभे राहिले. हात जोडायला म्हणून वर उचलले, मध्येच थांबले, आणि तसेच टोपी सारखी करून गोठ्याकडं गेले.

जेवताना मी टिकल्यांचा विषय परत काढला. मामा, अगदी आठवून सांगा, आईनं लावलेल्या तुम्हाला दिसतात का? मामा म्हणाले, "तिनं लावल्या, का हितं दुसरं कोन लावत बसलं व्हतं, आता माझंच डोकं फिरलंय बघ. ठिगळ बी मीच लावलंय का काय, असं रातीपासनं वाटाय लागलंय." मामी हसायला लागली, मग मामा, मग मीही हसले, पण हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कशानं आलं हे मला तेव्हाही कळलं नाही.

आता चित्र मामांच्या ओसरीत टीव्हीच्या वर आहे, मोठ्या चौकटीत, मैत्रिणीसकट. भोरच्या फ्रेमवाल्यांनीच ती करून दिली. कागद मात्र पुण्याच्या बाईंनी सांगितला तसला घातलाय. ठिगळ तसंच ठेवलंय. पाहुणा आला आणि त्यानं विचारलं तर मामा एखाद्याला सांगतात "सरस्वती", एखाद्याला सांगतात "हाय एक राजकन्या, लई गुणी बाई", आणि माणूस जरा बसणारा असेल तर त्याला रानातली सगळी गोष्ट ऐकवतात. ती गोष्ट त्यांच्याकडं माझ्यापेक्षा लांब झाली आहे. परवा त्यात तोरण्याच्या पायथ्याची एक म्हातारी आली, जी राजकन्येला नाचणीची भाकरी देते. मी म्हटलं, मामा, हे कुठून आलं? म्हणाले, "तूच सांगितलंस की." मी सांगितलं नव्हतं. बहुतेक.

पुण्याच्या मालकांना मामांनी फोनवर कळवलंय, भातकापणी झाली की समक्ष येऊन बघा. ते आले तर मामा त्यांना काय सांगणार, हे मी विचारलं. मामा म्हणाले, "चा घ्या म्हननार." त्याच्या पुढचं त्यांचं अजून ठरलेलं नाही.